लहान बुडबुड्याची हवा

“एजे, तुमच्या मुलाला सांगा ना, माझे बुडबुडे फोडू नको म्हणावं.”

एवढंच म्हणाली ती. रागानेसुद्धा नाही. पाहुणी म्हणून आलेली पोरं दबकत तक्रार करतात ना, तशी. आणि माझ्या हातातलं भांडं कलंडलं, साबणाचं पाणी गालिच्यावर सांडलं, ते पुसायचंही मला सुचेना. तुमच्या मुलाला! अगं, तो तिलेक तुझा सख्खा भाऊ आहे. ज्या पोटातून तो आला त्याच पोटातून तू तीन वर्षं आधी आलीस, एकवीस तास छळून आलीस, डॉक्टरीण कंटाळून चहा प्यायला गेली होती. आणि मी तुझी एजे? एजे म्हणजे ताई. रस्त्यावरच्या कुठल्याही मोठ्या बाईला म्हणावं ते एजे. मला ‘तुम्ही’ म्हणते. स्वयंपाकघरात बसलेल्या माझ्या सासूला, बात्मा आपाला, मात्र ‘तू’ म्हणते. आपा म्हणजे आई, आणि ती तिची आई. आपा, केस विंचर. आपा, मांडीवर घे. तिलेक मला मिठ्या मारत होता, “आई, मी नाही फोडला, तो आपोआप फुटला,” म्हणून शपथा घेत होता आणि ती, अक्मारल, त्याच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होती. दुसऱ्याच्या घरातलं भांडण बघावं तसं. मी म्हटलं, “तिलेक, ताईचे बुडबुडे फोडायचे नाहीत.” म्हणजे काय, ते एजे ऐकून घेऊन मीसुद्धा तेच नाटक चालू ठेवलं. साडेसहा वर्षं चालू ठेवलंय. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ती अशी, आणि ती नेमकी कुणावर काढायची हे न कळल्याने मी गालिचा पुसायला घेतला आणि इतका जोरात घासला की तिलेक म्हणाला, “आई, त्याला लागेल.”

आमच्यात पहिलं मूल नवऱ्याच्या आईबापांचं. हे कुठे लिहिलेलं नाही, कुणी कुणावर सक्ती करत नाही. असं नुसतं असतं. लग्नात मला कुणीतरी हसत म्हणालं होतं, पहिलं त्यांचं, मग बाकीची तुमची, आणि मीही हसले होते, कारण तेव्हा पोर म्हणजे नुसता शब्द होता. मग अक्मारल झाली आणि त्याच शरद ऋतूत सासरे गेले. जन्मानंतर चाळिसाव्या दिवशी बाळाला चाळीस चमचे पाणी घालून न्हाऊ घालतात. गावच्या घरी सगळ्या बायका रांगेने बसल्या, एकेकीने एकेक चमचा घातला, चाळिसावा माझ्या हातात आला. मी तो मुद्दाम सावकाश ओतला. पाणी संपलं तेव्हा आपाने पोरीला पांढऱ्या कापडात गुंडाळलं आणि स्वतःच्या छातीशी धरलं आणि पुन्हा माझ्याकडे दिलं नाही. बस्स, एवढंच झालं. ना कुणी विचारलं, ना कुणी रडलं. कुबात, माझा नवरा, गाडीत बसताना म्हणाला, “आपा एकटी आहे गं. शाळेत जायच्या वेळी आपल्याकडे येईलच की.” मी हो म्हणाले नाही. मी काहीच म्हणाले नाही, आणि आमच्यात सून काही बोलली नाही की ती हो म्हणाली असं धरतात. गावाहून, नारिनहून, आमच्या बिश्केकच्या घरापर्यंत सहा तास घाटातून गाडी खाली उतरत होती आणि माझ्या अंगावरचं दूध कुणी मेलंय की जगलंय ते न कळता येतच होतं. घरी आल्यावर छातीला ओढणी घट्ट बांधली आणि आठ दिवस मोरीत दूध ओतलं. वरून नळ सोडायचे, म्हणजे कुबातला कळू नये. का कळू नये? आज विचारते मी स्वतःला, का म्हणून कळू नये?

तर बुडबुडे. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. सुट्टीत पोरांना घरी काहीतरी करून दाखवायचं, हे माझं वेड; तिलेकला लिंबाचा दिवा, मिठाचे खडे सगळं दाखवून झालंय. या वेळी अक्मारल दहा दिवसांसाठी येणार म्हटल्यावर मी शाळेतून काचेची नळी आणली, नरसाळी आणली, तारेची वेगवेगळ्या आकारांची कडी केली. काय दाखवू नि काय नको असं झालं होतं मला. खरं सांगते, मला वाटलं होतं की पोरगी थक्क होईल आणि त्या थक्क होण्यात चुकून तिच्या तोंडून एकदा तो शब्द निघून जाईल. मूर्खपणा सगळा! पहिल्या दिवशी बुडबुडेच होईनात. साबण ढवळून ढवळून हात दुखले, नुसता मळकट साय आल्यासारखा थर. आणि स्वयंपाकघरातून आपाचा आवाज, “नळाचं पाणी घेतलंस का पोरी? जड पाणी आहे ते, डोंगरातला चुना आहे त्यात. बर्फ आण गॅलरीतला, वितळव. आम्ही केस धुवायला तेच घेतो.” भौतिकशास्त्राच्या बाईंना! अक्मारल धावत जाऊन पातेलंभर बर्फ घेऊन आली, आणि त्या पाण्यात काय बुडबुडे झाले म्हणता, डोक्याएवढे. “आपाला सगळं माहीत असतं,” पोरगी अभिमानाने म्हणाली. मी म्हटलं, हो, असतं. दुसऱ्या दिवशी तिला चौकोनी कड्यातून चौकोनी बुडबुडा काढायचा होता. फुंकला तर गोल. तिकोनी कड्यातून फुंकला तरी गोल. ती खूप वेळ विचार करत राहिली. मग विचारलं, “एजे, त्याला दुसरं काही होताच येत नाही का?” एवढा चांगला प्रश्न माझ्या नववीच्या वर्गात वर्षाला एकदा येतो. माझी पोरगी आहे ती, माझी! तिच्या कपाळावर विचार करताना जी उभी आठी पडते ती माझ्या कपाळावरची आहे. पण कुणाला सांगू?

आज शेवटचा दिवस होता. उद्या सकाळी आपा तिला घेऊन परत जाणार. आणि जन्मदाखला आणलेला नव्हता. शाळेत नाव घालायला दाखला लागतो, मार्चमध्ये नावं घेतात, दाखला आपाच्या गावच्या पेटीत. गेल्या उन्हाळ्यात विचारलं: विसरले गं. नोव्हेंबरात आली तेव्हा विचारलं: अगं बाई, टेबलावर काढून ठेवला आणि तिथेच राहिला. या वेळी आल्या आल्या विचारलं, तर कपाळावर हात मारला. कुबातला म्हटलं, तू बोल. तो म्हणाला, बोलतो. आणि आज सकाळपासून तो खाली गाडीची बॅटरी गरम करतोय. उणे अठरामध्ये चार तास! असली बॅटरी असते का कुठे जगात? बॅटरी नाही गरम करत तो, बायको आणि आई यांच्यामधून पळालाय, झालं.

शेवटचा प्रयोग मी राखून ठेवला होता. तीन तोंडांची नळी. दोन तोंडांना रबरी नळ्या आणि त्यांच्या टोकांना नरसाळी. एका नळीला कपड्यांचा चिमटा लावायचा, दुसऱ्या नरसाळ्यावर मोठा बुडबुडा फुंकायचा, मग त्या नळीला चिमटा, आणि पहिला चिमटा काढून पहिल्या नरसाळ्यावर लहान बुडबुडा, तोही पुन्हा चिमट्याने बंद. तिसऱ्या तोंडावर बोट. आता दोघांमधला रस्ता मोकळा केला तर काय होईल? हा प्रश्न मी दरवर्षी वर्गात विचारते आणि दरवर्षी सगळे एकच उत्तर देतात: दोन्ही सारखे होतील. मोठी माणसंही तेच सांगतात. माणसाला वाटतंच तसं, की वाट मोकळी झाली की न्याय होणार. तिलेक म्हणाला, “मोठा लहानाला देईल. मोठ्यांनी वाटून खायचं असतं. मग दोघं एकसारखे.” मी अक्मारलला विचारलं. ती दोन्ही बुडबुड्यांकडे बघत होती, त्यांच्यावरचे रंग हळूहळू खाली ओघळत होते. म्हणाली, “लहान संपेल. त्याची सगळी हवा मोठ्यात जाईल.” मी चिमटे काढले. लहान बुडबुडा आक्रसत गेला, बोराएवढा झाला, आणि नरसाळ्याच्या तोंडावर नुसता एक पाणीदार पडदा राहिला. मोठा आणखी फुगून डुलायला लागला. तिलेक ओरडला, “हे चूक आहे!” आणि मी, शाळेतल्या बाई असल्यासारखी, खूश होऊन अक्मारलला विचारलं, “शाब्बास! कसं ओळखलंस?” लहान बुडबुड्याची कातडी जास्त वाकलेली असते, म्हणून ती आतल्या हवेला जास्त दाबते, हे सगळं समजावून सांगायला मी तोंड उघडलंही होतं. ती म्हणाली, “मोठ्यांना लहानांनीच द्यायचं असतं ना.” 

सहज म्हणाली. बर्फ पांढरा असतो म्हणावं तशी. मी नळी खाली ठेवली आणि उठले.

स्वयंपाकघरात आपा खिडकीपाशी बसली होती, डोक्याला फुलांचा रुमाल, पुढ्यात पिठाचे तळलेले बोर्सोक आणि जर्दाळूचा मुरंबा, पायाशी तिची ती चेकची पिशवी. उठताबसता जवळ असते ती पिशवी, तीत कुरुत, म्हणजे सुक्या दह्याचे खारट गोळे, असतातच. तिचा पियाला रिकामा होता. चहा ओतायचं काम सुनेचं, आणि आमच्यात पियाला अर्धाच भरतात. अर्धा म्हणजे बसा, आणखी घ्या, मी पुन्हा ओतते. काठोकाठ भरला तर त्याचा अर्थ एकच: पिऊन उठा. दुधपित्या पोरालाही हे कळतं. मी किटली उचलली आणि ओतत राहिले. चहा काठाला आला, काठावर फुगला, एक थेंब बशीत पडला. मी मुद्दाम केलं का? हो, मुद्दाम केलं. हात थांबवता आला असता, थांबवला नाही.

आपाने पियाल्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. “उद्या जाणारच आहे मी,” ती म्हणाली. “एक रात्र काढू दे.”

“दाखला द्या आणि शंभर रात्री काढा,” मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला. सासूशी असं बोलतात का? बोलतात, आजपासून बोलतात. “काय शिकवलंय तुम्ही तिला? लहानांनी मोठ्यांना द्यायचं? साडेसहा वर्षांच्या पोरीने?”

“सगळ्यांनाच शिकवतात ते. तुला नव्हतं शिकवलं तुझ्या आईने?”

“शिकवलं, म्हणून तर तुमचं फावलं!”

भरलेला पियाला तिने दोन्ही हातांनी उचलला, हिंदकळू न देता एक घोट घेतला, खाली ठेवला. “माझा साबीर,” ती म्हणाली, “माझं पहिलं. एकोणीस वर्षांची होते मी. सासूने नेला. आज नातवंडं आहेत त्याला, पन्नाशी उलटली. अजून मला वहिनी म्हणतो. परवा फोन केला, वहिनी, गुडघा कसा आहे. मी म्हटलं बरा आहे.”

तिला वाटलं असेल मी विरघळेन. मी आणखीच भडकले. “मग तुम्हाला ठाऊक होतं! ठाऊक असताना माझ्याशी तेच केलंत? ज्या विस्तवाने स्वतःचा हात भाजला तोच उचलून माझ्या पदरात टाकलात?”

“माझं घर रिकामं झालं होतं, सिर्गा.”

“माझं भरलेलं होतं, नाही का? ओढणी बांधून बसले होते मी, मोरीत दूध ओतत होते!”

हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नव्हतं. आपाने तोंड फिरवून खिडकीबाहेर बघितलं. तिचा हात पिशवीवर होता. “विसरले गं मी दाखला,” ती इतक्या हळू म्हणाली की मला तिची दया यायला लागली. तिची दया येतेय याचाच मला असा संताप आला की मी तिथून निघून गॅलरीत गेले.

अक्मारल एव्हाना तिथे आली होती, कोट घालून, टोपी कानांवर ओढून. आपाने विणलेले लोकरी हातमोजे तिच्या हातांत. ती कड्यातून बुडबुडे सोडत होती आणि हातमोज्यावर अलगद झेलत होती. लोकरीवर बुडबुडा फुटत नाही, टेकून राहतो, हे मी तिला शिकवलंच नव्हतं. तिने स्वतःच शोधलं होतं. थंडीने बुडबुड्यावर खालून वर बर्फाची पिसं चढत होती. दुसरी वेळ असती तर मी सगळ्या इमारतीला बोलावलं असतं बघायला. त्या वेळी मला काही दिसत नव्हतं. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले, तिच्या कोटाची बाही धरली. असं सांगायचं नसतं, मला कळत होतं. रागाच्या भरात, घरच्या चपलांवर, दात वाजत असताना कुणी पोराला असं सांगत नाही. पण मी सुरुवात केली. “अक्मारल, ऐक. मी तुझी एजे नाही. मी...”

“हळू बोला,” ती म्हणाली. तिने मागे वळून काचेच्या दारातून स्वयंपाकघराकडे बघितलं. “मला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“तेच. दाखल्यावर लिहिलंय. आपाने मला वाचायला शिकवलं ना, मग मी सगळंच वाचते. औषधाच्या बाटल्यापण.” बुडबुडा आता पुरता गोठला होता, हातमोज्यावर काचेच्या पातळ टरफलासारखा. ती त्याच्याकडे बघत बोलत होती. “आपाला नका सांगू हं मी वाचलं म्हणून. तिला वाईट वाटेल. ती विसरत नाही दाखला. दर वेळी आणते. पिशवीत आहे, कुरुतच्या पुडीखाली. काढते, बघते, परत ठेवते.”

कधी वाचलंस, मी विचारलं. गेल्या वसंतात, ती म्हणाली, बर्फ वितळत होतं तेव्हा. गेल्या वसंतात! म्हणजे उन्हाळ्यात आली तेव्हा तिला माहीत होतं, नोव्हेंबरात माहीत होतं, आज सकाळी ‘तुमच्या मुलाला’ म्हणाली तेव्हाही माहीत होतं. स्वयंपाकघरातून ऐकू जाईल अशा बेताने ती मला एजे म्हणत होती. आम्ही तीन मोठी माणसं, एक बॅटरीपाशी पळालेला, एक पिशवी कवटाळून बसलेली, एक प्रयोग मांडून बसलेली, आणि आमची सगळ्यांची मनं सांभाळत होती ही साडेसहा वर्षांची पोर. आमच्या त्या दाखल्याला, पद्धतीला, गप्प बसण्याला आग लागो! मी रडले नाही. मला ओरडायचं होतं, आणि तिने हळू बोला म्हणून सांगितलं होतं.

“पाय गारठतील तुमचे,” ती म्हणाली. “आत चला.”

आम्ही आत आलो. तिने गोठलेला बुडबुडा आपाला दाखवायला नेला. उबेत आल्याबरोबर त्याला एक भोक पडलं आणि तो कागदासारखा चुरगळून बसला. “होता, आपा, खरंच होता,” ती म्हणाली. तिलेक धावत आला, “मला का नाही दाखवला?” म्हणून रुसला. आपासमोर तो पियाला तसाच, काठापासून एक घोट कमी. ती वाकली, पिशवी मांडीवर घेतली, कुरुतची पुडी काढून तिलेकच्या हातात दिली, आणि मग तिच्या खालून रुमालात बांधलेला कागद काढला. गाठ सोडायला तिला वेळ लागला. मी मदत केली नाही. कागद तिने मला दिला नाही, अक्मारलसमोर धरला.

“वाच,” ती म्हणाली. “मोठ्याने वाच. मी शिकवलंय तुला. बघू किती येतं.”

अक्मारलने ओले हातमोजे काढले. कागद घेतला. स्वतःचं नाव वाचलं, खणखणीत. जन्मतारीख वाचली, गाव वाचलं. वडील: कुबात, ते वाचताना तिलेक हसला, “आपल्या बाबांचं नाव!” मग ती थांबली. तिची उभी आठी कपाळावर आली. तिने आपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि परत कागदाकडे.

“पुढचं मला येत नाही,” ती म्हणाली. “अक्षरं कठीण आहेत.”

माझ्या नावात एकही कठीण अक्षर नाही. आपाला ते ठाऊक होतं. तिनेच शिकवलेली अक्षरं ती. आपाचे ओठ हलले आणि तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. म्हणजे तिला त्याच क्षणी कळलं, सगळं कळलं. सगळ्यांना सगळं कळलं होतं आणि अजूनही ओझं त्या पोरीच्या हातातच होतं, त्या कागदाचं, आणि ती ते नीट धरून उभी होती, कुणाला लागू नये म्हणून.

“आण इकडे,” मी म्हणाले. कागद तिच्या हातातून काढून घेतला. “तुला नाही वाचायचं. हे तुझं काम नाही. माझं आहे.” आणि वाचलं. मोठ्याने, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात: “आई: सिर्गा.”

तिलेकच्या तोंडात कुरुत होतं. तो चोखायचा थांबला, पुन्हा चोखायला लागला. अक्मारल हलली नाही. तिने फक्त आपाकडे बघितलं, आपाला काय होतंय ते बघायला, आणि आपाने मान हलवली, हो म्हणून, एकदा, आणि मग तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

“सप्टेंबरात इथे शाळेत जाईल,” मी म्हणाले. राग गेला नव्हता. आजही गेलेला नाही, कुणी विचारलं तर सांगेन. “आणि ती कुणाला काय म्हणेल ते ती ठरवेल. आपण नाही.”

“बरं,” आपा म्हणाली.

तिच्यासमोरचा पियाला मी उचलला. तो सगळा चहा मोरीत ओतला, पियाला विसळला, पुसला. किटलीतून पुन्हा चहा ओतला, वर दूध घातलं, आणि तिच्यापुढे ठेवला. अर्धा.